नववा फोन

दवाखान्यातल्या नर्सा तिला टाचताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. बावीस वर्षं जी बाई नवजात बाळांच्या टाचांना सुई टोचत आली, तिला दुसरं काय म्हणायचं?

दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारची अरुंद खोली तिची. एक खिडकी, एक टेबल, एक फोन, आणि भिंतीला लावलेली जाळीची फळी. त्या फळीवर कार्डं वाळत पडलेली असत. टीपकागदासारखं जाड कार्ड, त्यावर पाच वर्तुळं. बाळाची टाच आधी कोमट फडक्यात धरून ऊब द्यायची. टोचायचं ते कडेला, मधोमध कधीच नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा कागदावर पडू द्यायचा, आणि तो पाठीमागून दिसेपर्यंत दम धरायचा. मग कार्ड सावलीत वाळवून पाकिटात घालायचं आणि मोठ्या प्रयोगशाळेत धाडायचं. नव्या नर्सांना ती सांगे, "घाई करायची असेल तर लिफ्ट चालवायला जा. इथे थेंब आपल्या मर्जीने येतो."

टोचण्याआधी आईला सहा प्रश्न विचारायचे आणि कागदावर उत्तरं लिहायची. पाचवा प्रश्न होता, घरात वर्षाच्या आत गेलेलं मूल आहे का. या प्रश्नाला बायका पटकन 'नाही' म्हणत आणि पांघरुणाची कड नीट करू लागत. टाचताई पेन खाली ठेवून गप्प बसे. बहुतेकींना ती गप्प बसणं सोसत नसे. "म्हणजे सासूबाईंचं एक गेलं होतं म्हणतात," असं काहीतरी मग हळूच निघे.

"लाजायचं काय त्यात?" टाचताई म्हणे. "शंभर बाळं जन्मली की त्यातली तीन-चार तरी काही ना काही घेऊन येतात. कुणाचा ओठ फाटलेला, कुणाच्या हृदयाला भोक, कुणाचं पाऊल आत वळलेलं. कुणी वरून बाहुलीसारखं, पण रक्तात एखादी वस्तू कमी. घरोघरी मातीच्या चुली. फक्त धूर कुणी दाखवत नाही."

हे ती फार खात्रीने सांगे. तिच्या स्वतःच्या चुलीचा धूर मात्र तिने पस्तीस वर्षं कुणाला दिसू दिला नव्हता.

तिचं पहिलं मूल सतरा दिवसांचं होऊन गेलं होतं. मुलगा. चांगला वजनदार जन्मला, चौथ्या दिवसापासून ओकायला लागला, पिवळा पडला, पोट टम्म झालं, आणि शेवटी शेवटी तर रडायचंही सोडलं त्याने. डॉक्टर म्हणाले कावीळ. सासू म्हणाली अशक्त होतं. पुढच्याच वर्षी नवऱ्याची बदली झाली, नव्या गावात बिऱ्हाड मांडलं, तेव्हा सासूने तिला बाजूला घेऊन बजावलं, "इथे कुणाला माहीत नाही, माहीत व्हायचं कारणही नाही. पुढे पोरं होतील, त्यांची लग्नं व्हायची आहेत." दोन वर्षांनी मुलगा झाला, तो ठणठणीत. शेजारणी विचारत, "पहिलाच का?" ती म्हणे, "हो, पहिलाच." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. दहाव्यांदा नाही अडखळली.

मुलगा पाचवीत गेल्यावर तिने ही नोकरी धरली. रक्त बघून भोवळ येणारी बायको सुयांच्या नोकरीत का शिरली, हे नवऱ्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बसवून वेगवेगळे आजार समजावून सांगितले. त्यात एक होता. काही बाळांच्या शरीराला दुधातली साखर मोडता येत नाही, ती साठत जाते, यकृत बिघडवते. आईचं दूधसुद्धा त्यांना विषासारखं होतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उलट्या, मग कावीळ, मग पोट फुगणं. दूध तोडलं तर मूल वाचतं. टाचताईने वहीत सगळं लिहून घेतलं. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने घासलेली भांडी पुन्हा घासली. नवरा शब्दकोडं सोडवत होता, त्याने मानही वर केली नाही.

पुढे मुलाचं लग्न ठरलं. सुनेच्या घराण्याचं आणि यांचं मूळ गाव एकच निघालं, दोन्हीकडचे पणजोबा नदीकाठच्या त्याच खेड्यातले, म्हणून दोन्हीकडे आनंदीआनंद. विहीणबाई मोठ्या चौकस. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "तुमच्याकडे दुखणीबिखणी काही? आधी विचारलेलं बरं." टाचताई म्हणाली होती, "आमच्याकडे सगळे दगडासारखे."

आणि मग नात झाली. तिसऱ्या दिवशी, घरी सोडण्याआधी, तिच्या टाचेला सुई दुसऱ्या कुणी लावायची नाही असा टाचताईने हुकूमच काढला. कागद मांडीवर घेऊन ती सुनेच्या खाटेशी बसली. शेजारी स्टुलावर विहीणबाई संत्रं सोलत होत्या. सवयीने तिने प्रश्न मोठ्याने वाचले. पाचवाही वाचला.

सून हसली. "आई, हे तर तुम्हीच सांगायचं."

"आमच्याकडे नाही बाई असलं काही," विहीणबाई संत्र्यातली बी काढत म्हणाल्या. "तुमच्याकडे?"

या वेळी पेन खाली ठेवून गप्प बसणारं कुणी नव्हतं. तिने 'नाही' लिहिलं. मनाशी म्हणाली, कार्ड सांगेलच ना. काय असेल ते कार्ड सांगेल, मी कशाला सांगू?

कार्डाने सांगितलं ते असं सांगितलं, की त्यावर कुणाचा विश्वास बसेना.

सहाव्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई यादी घेऊन खोलीत आल्या. "टाचताई, बसा. या खोक्यातल्या चाळीस कार्डांपैकी नऊ कार्डांत तोच आजार दाखवतंय. दुधाच्या साखरेचा."

"नऊ?"

"लाखात दोन-तीन सापडायचा हा आजार, आणि आपल्याकडे आठवड्यात नऊ? मी प्रयोगशाळेत विचारलं. खोकं नेणारी गाडी बिघडून दिवसभर उन्हात उभी होती. तापल्यावर कार्डं बिघडतात, खोटंच दाखवायला लागतात. नऊही जणांचे नमुने पुन्हा घ्या, चार दिवसांत खरं कळेल."

"आणि तोवर दूध?"

"सगळ्यांचे कागद पाहिले मी. ज्या घरात लहान मूल गेलेलं आहे, तिथे मी एक क्षण थांबले नसते. तसं एकाही कागदावर नाही. मग नऊ आयांचं दूध उगीच कशाला तोडायचं? बाळ नीट पीत असेल तर पाजू द्या." दारात थांबून त्या म्हणाल्या, "यादीत तुमची नातही आहे. घाबरू नका. ऊन होतं ते."

यादीत ती नवव्या नंबरावर होती.

भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: फोनवर एवढेच सांगावे, नमुना पुन्हा घ्यायचा आहे. आजाराचे नाव नाही, अंदाज नाही. हा नियम टाचताईमुळेच झालेला. चौदा वर्षांपूर्वी तिने एका आईला कळवळ्याने फोनवर आजाराचं नाव सांगून टाकलं होतं. त्या बाईने घाबरून पोराला अंगावरून तोडलं. पुढे पोर अगदी निरोगी निघालं, पण बाईचं दूध आटलं ते आटलंच. तिच्या नवऱ्याने येऊन टाचताईला चारचौघांत जे ऐकवलं ते तिला अजून पाठ होतं.

तिने पहिला नंबर फिरवला.

"नमुना नीट आला नाही, उद्या सकाळी बाळाला घेऊन या."

"तुम्हीच टोचलं होतं ना, ताई? मग नीट का नाही आला?"

"गाडी उन्हात राहिली, कार्डं तापली."

"आमचे हे म्हणतच होते, सरकारी काम आणि सहा महिने थांब. दूध पाजू ना?"

"पाजा."

दुसरा. तिसरा. एका घरी आजोबांनी उचलला आणि बाळाने सकाळपासून काय काय केलं याचा अहवाल दिला. पाचवी बाई रडायलाच लागली, तिला समजावता समजावता टाचताईचा घसा बसला. शेवटी प्रत्येकीचा प्रश्न तोच, दूध पाजू ना? आणि प्रत्येकीला उत्तर तेच. आठ घरी तिने पाजा म्हणून सांगितलं, आणि ते बरोबरच होतं.

मग ती उठून डॉक्टरबाईंच्या दाराशी गेली. दार उघडंच होतं.

"काय हो टाचताई?"

"काही नाही. खिडकी लावून घेऊ का? ऊन येतंय."

"असू द्या."

ती परत आली. दहा पावलं जायची, दहा यायची. सांगावं, तर बावीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातली गेलेली पोरं खणून काढणाऱ्या बाईने आपल्या घरच्या कागदावर खोटं लिहिलं हे उघडं पडणार. विहिणीसमोर, मुलासमोर. पस्तीस वर्षांचं घर एका वाक्यात उसवणार. आणि ऊनच असेल तर हे सगळं फुकट. न सांगावं, तर... इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत ती पदर धरून उभी.

तिने नवऱ्याला कचेरीत फोन लावला.

"अहो, बाळाचं कार्ड खराब दाखवतंय. मला वाटतं आपल्या पहिल्याचं सांगावं."

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "डॉक्टर काय म्हणतात?"

"ऊन म्हणतात."

"मग ऊनच असेल. झाकली मूठ उघडू नकोस आता. पोराला काय सांगशील?" आणि मग आवाज खाली आणून, "मला जमायचं नाही ते."

तिने फोन ठेवला आणि स्वतःच्या घरी, सुनेचा नंबर फिरवला. सुनेने उचलला.

"आई, तुम्हीच का? बरं झालं. आज तीनदा ओकली ही. माझी आई म्हणते सगळीच पोरं ओकतात."

"नमुना पुन्हा घ्यायचा आहे," टाचताई म्हणाली. "उद्या."

"का? काही आहे का?"

"कार्डं तापली. ऊन होतं."

"हां. मग ठीक आहे. आता पुन्हा उठलीय, पाजू ना?"

"पाज."

ती हे बोलली कधी, तिचं तिलाच कळलं नाही. आठ वेळा वळलेली जीभ नवव्यांदा आपसूक वळली. फोन ठेवल्यावर तिचा हात त्यावर तसाच राहिला. मग तिने पुन्हा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. पुन्हा फिरवला. कुणी उचलेना. सून पाजायला बसली की फोनचा आवाज बंद करून तो आतल्या खोलीत ठेवते, हे तिला माहीत होतं.

ती डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरली आणि दार न लावता, उभ्यानेच म्हणाली, "पाचव्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं लिहिलंय. माझं पहिलं मूल सतराव्या दिवशी गेलं. ओकत होतं. पिवळं झालं होतं. पोट फुगलं होतं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "बावीस वर्षं तुम्ही हा प्रश्न विचारताय."

"हो."

"नात ओकते आहे?"

"तीनदा, सकाळपासून."

"घरी जा. दूध आत्ता थांबवा आणि तिला घेऊन या. बाकीचं मग."

घर दोन थांबे लांब. तिने बसची वाट पाहिली नाही. जिना चढून दार ढकललं, तेव्हा सून खुर्चीत बसून पाजत होती आणि विहीणबाई वाळलेल्या लंगोटांच्या घड्या घालत होत्या.

"काढ तिला," टाचताई म्हणाली.

"अं?"

"अंगावरून काढ. दूध द्यायचं नाही. दवाखान्यात न्यायचंय."

"अहो, दम तरी घ्या," विहीणबाई म्हणाल्या. "पाजत्या पोराला असं कुणी ओढतं का? झालं काय?"

टाचताईने सांगितलं. चार वाक्यांतच झालं. पस्तीस वर्षं तिला वाटत आलं होतं की हे सांगायला पूर्ण दिवस लागेल.

सुनेने बोट घालून बाळाचं तोंड सोडवलं. बाळ ओठ हलवत राहिलं. विहीणबाईंच्या हातातली घडी सुटली. "दगडासारखे म्हणाला होतात तुम्ही. माझ्या घरात बसून, माझ्या हातचा चहा पीत म्हणाला होतात. पोटात एक आणि ओठात एक. आमची पोर काय तुम्हाला प्रयोगाला दिली होती?"

"मला काय बोलायचं ते रस्त्यात बोला," टाचताई म्हणाली. "आधी तिला गुंडाळा."

आणि विहीणबाई खरोखरच रस्ताभर बोलत राहिल्या. टाचताईने बाळ घट्ट धरून ऐकून घेतलं.

दवाखान्यात बाळाला ठेवून घेतलं, नमुना पुन्हा घेतला. यकृत सुजायला लागलेलं होतं. सोयाबीनच्या भुकटीचं दूध सुरू झालं. डॉक्टरबाईंनी मुलालाही कामावरून बोलावून घेतलं आणि सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "हा दोष एकाच बाजूने येत नाही. आई आणि बाप, दोघांकडून अर्धा-अर्धा आला तरच मूल आजारी पडतं. अर्धावाला माणूस ठणठणीत असतो, त्याला जन्मभर कळत नाही. असे अर्धे आपल्या सगळ्यांतच कुठले ना कुठले असतात."

"आमच्याकडे नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"हा आजार निघाला तर तुमच्याकडेही असणारच."

"नाही म्हणते ना. आमच्या पिढ्यांत..." त्या थांबल्या. पर्सची चेन उघडमीट करू लागल्या. मग कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "माझ्या आईची दोन गेली होती. माझ्या आधीची. एक बारा दिवसांचं, एक महिन्याचं. आई म्हणायची, ते मोजायचे नाहीत."

मुलगा आपल्या आईकडे बघत होता. "मला भाऊ होता?" एवढंच त्याने विचारलं. ती हो म्हणाली. तो उठून बाहेर गेला, आणि ती त्याच्या मागे गेली नाही.

पुढचे चार दिवस निकालाची वाट. बाकीची आठ बाळं आपापल्या घरी मजेत दूध पीत होती; पुन्हा घेतलेल्या नमुन्यांत त्यांचं निरोगी येणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. नवव्याचं काय ते कुणी सांगत नव्हतं. उन्हाचा एक धागा अजून शिल्लक होता, आणि निकाल चांगला आला तर अंगावरचं दूध लागणार होतं. म्हणून ते आटू द्यायचं नव्हतं. दर तीन तासांनी सुनेने पिळून काढायचं आणि ओतून द्यायचं.

पहिल्यांदा ती हे करायला दवाखान्याच्या खोलीतल्या मोरीशी उभी राहिली तेव्हा टाचताई बाहेर निघाली.

"कुठे चाललात?" सून म्हणाली.

"तुला संकोच नको म्हणून."

"इथेच उभ्या राहा. बघा."

टाचताई उभी राहिली. सून पेल्यात दूध काढी, पेला भरला की मोरीत ओती, पाणी सोडी. बाळ पलीकडे भुकटीचं पिऊन झोपलेलं, आणि इकडे हे. दिवसातून सात-आठ वेळा. टाचताईने रजा टाकली होती. मुलगा तिच्याशी कामापुरतं बोले. नवरा दवाखान्याच्या पायरीपर्यंत येऊन फळं देऊन परत जाई. विहीणबाई आता टोमणे मारत नव्हत्या, बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत बसत. टाचताईला घरातलं कुणी जा म्हणत नव्हतं, बस म्हणत नव्हतं. मोरीच्या दाराशी तिची जागा ठरून गेली होती. सून उठली की ती उठे.

चौथ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. ऊन नव्हतं. आजारच होता. पण बाळाची पिवळी झाक उतरत होती, पोट मऊ पडलं होतं, आणि भुकटीचं दूध ते चवीने पीत होतं. "वाचली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणखी आठवडा गेला असता तर मला सांगता आलं नसतं. दूध जन्मभर बंद, तपासण्या जन्मभर चालू. पण वाढेल." जाताना त्या टाचताईला म्हणाल्या, "कागदाबद्दल मला वर कळवावं लागेल." ती म्हणाली, "कळवा."

सून खाटेच्या कडेला बसली होती. वेळ झाली होती, छाती दगडासारखी झाली होती, झग्यावर दोन ओले डाग उमटले होते. सवयीने ती पेला घेऊन मोरीकडे निघाली, टाचताईही निघाली. दारात सून थांबली. आता काढायचं नव्हतं. काढलं तर आणखी येईल, आता ते थांबवायचं होतं.

मग चार दिवसांत पहिल्यांदा, सासूच्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, "तुमचं किती दिवसांनी थांबलं होतं?"

हे टाचताईला कधी कुणी विचारलं नव्हतं. सासूने नाही, नवऱ्याने नाही.

"अकरा," ती म्हणाली.

"फार दुखायचं?"

"पहिले तीन दिवस. हात वर करता यायचा नाही. कुठल्याही पोराचं रडणं ऐकलं की पुन्हा भरून यायचं."

सुनेने मान हलवली. पेला फळीवर ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"थंड पाण्याचं फडकं आणते," टाचताई म्हणाली.

"आणा," सून म्हणाली.